कौन्सिलाची खुर्ची

शेजारच्या वखारीत आज सागाचा ओंडका कापताहेत. मेला तो वास माझ्या माजघरात शिरला आणि मी मनाने ठाण्याहून थेट कल्याणला, बाबांच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबा सुतार. मुंबईत साहेबलोक जिथे बसून कायदे करतात, त्या कौन्सिलाच्या दालनासाठी त्यांनी उंच पाठीची खुर्ची घडवली होती. हातांवर सिंह, पाठीवर द्राक्षांची वेल. दोन्ही त्यांनी फक्त चित्रात पाहिलेली. नवं आसन घराबाहेर जाण्याआधी लेकीने त्याला हळद लावून त्यावर बसायचं, ही आमच्या घरची रीत. आठ वर्षांची मी बसले. पाय लोंबकळत होते.

"हं, कर बघू एक कायदा," बाबा हसत म्हणाले.

"मला एवढ्यात सासरी धाडायचं नाही."

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी मला उचलून खाली ठेवलं आणि साहेबाला डाग दिसू नये म्हणून खुर्चीवरची हळद ओल्या फडक्याने पुसून काढली. त्याच आठवड्यात मला हळद लागली. दहाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं.

आता म्हणे कौन्सिलात मुलींच्या लग्नाच्या वयाचा वाद चाललाय. चालू दे. त्या खुर्चीवर बसून मी एकदा तोच कायदा मागून पाहिलाय, आणि समोर तर माझे बाबाच उभे होते.