चोवीस पौंड हवा

आमच्या काळ्या फियाटच्या कागदावर दादांचं, म्हणजे अमरावतीच्या नारायणराव वकिलांचं नाव होतं. पण सकाळी ऊन कंपाउंडच्या भिंतीवर यायच्या आत कुणी अंगणात डोकावलं असतं, तर गाडीचा मालक चाकापाशी उकिडवा बसलेला दिसला असता. ते आमचे ड्रायव्हर, जानराव. खाकी शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, हातात हवा मोजायचं गेज. चारही चाकांत चोवीस पौंड हवा हवी. एक पौंड कमी निघाला की पंप काढायचा, जास्त निघाला की सोडायचा, आणि हे सगळं गाडी जागची हलायच्या आधी. मी एकदा म्हटलं, "जानराव, कालच तर मोजली होती."

"काल जेवल्या होत्या ना तुमी, ताई?" ते म्हणाले. 

जानराव नांदगाव खंडेश्वरकडचे. पलटणीत ट्रक चालवायला शिकले, तिथून सुटून चौपन्न साली आमच्याकडे लागले. छप्पनला ते आणि त्यांची बायको मनकर्णा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन त्यांनी दादांना सांगितलं, "साहेब, आमी बौद्ध झालो." दादा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बरं." दादा स्वतःला सुधारक म्हणवत, आणि होतेही. पण त्यांची सुधारणा बोलण्यात जास्त, ऐकून घेण्यात कमी. मुलीनं वडलांबद्दल असं लिहू नये म्हणतात, मी लिहिते.

उन्हाळ्यात अकोल्याला जाणाऱ्या गाड्या वाटेत मूर्तिजापूरला एका कडुलिंबाखाली थांबत. तिथे गोवर्धन नावाचा पंक्चरवाला होता. गाडी थांबली रे थांबली की तो बसून चाकांतली हवा सोडायला लागे. वऱ्हाडातल्या उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून थोडी सोडलेली बरी, हे तिकडच्या शहाण्यासुरत्या लोकांना पटलेलं होतं. मोठमोठे कापसाचे जिनिंगवाले खुर्चीत बसून चहा पीत आणि गोवर्धन त्यांच्या चाकांतून फुस्स करत असे.

जानराव त्याला गाडीला हात लावू देत नसत. "धावलेलं चाक गरम असते, म्हणून हवा जास्त दिसते," ते सांगत. "आता सोडली का थंड झाल्यावर कमी भरते. कमी हवेचं चाक दबते, जास्त तापते, मंग फुटते." गोवर्धन हसे, बाकीचे ड्रायव्हरही हसत. दादा हसत नसत, पण त्यांना पटतही नसे. सात वर्षं त्यांनी तो विषय नुसता टाळला होता.

एकसष्ट सालच्या एप्रिलात तो टळला नाही. दादांची दुपारी तीनला अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. मी दुर्गाआत्याकडे जायला सोबत निघाले होते. मूर्तिजापूरला जानरावांनी गेज लावून पाहिलं. चारही चाकांत तीस भरली. तो आकडा दादांनी ऐकला आणि ते दचकले. जानराव रेडिएटरसाठी पाणी आणायला गेले तेवढ्यात दादांनी गोवर्धनला खूण केली. जानराव बादली घेऊन परत आले तर गोवर्धन शेवटच्या चाकापाशी बसून सांगत होता, "घ्या, बरोबर चोवीस करून देली."

जानरावांनी बादली खाली ठेवली आणि डिकीतून पंप काढला.

"पंप ठेव," दादा म्हणाले.

"साहेब, थंड झाल्यावर हे एकोणीसच भरते. अशा चाकांवर मी तुमाले अन् ताईले नेत नाई. अर्धा घंटा द्या."

"माझी तारीख आहे. पंप ठेव, नाहीतर चावी ठेव."

सगळे ड्रायव्हर बघत होते. घरी मनकर्णाबाईंच्या एकटीच्या जिनिंगातल्या मजुरीवर भागणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि दादांनाही. जानरावांनी खिशातून चावी काढून बॉनेटवर ठेवली. मी तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दादांचे अशील, दर्यापूरचे पंजाबराव, जीप घेऊन तिथेच थांबले होते. आम्ही त्यांच्या जीपमध्ये बसलो. गाडी अकोल्याला पोचवून मग कुठे जायचं तिथे जा, असं दादांनी जानरावांना सांगितलं. जीप वळताना मी मागे पाहिलं. भर उन्हात ते पंपावर वाकले होते आणि घाम मातीत टपकत होता.

संध्याकाळी ते आत्याच्या दारात आले. तळहाताला फोड आले होते. चावी त्यांनी दादांच्या हातात दिली. "चारही चाकं मूर्तिजापुरात होती तशी तीसवर नेली," ते म्हणाले. "उद्या पाहाटे, ऊन पडायच्या आधी, तुमीच मोजा. चोवीस नाई भरली तर मी खोटा."

पहाटे दादा धोतर सावरत उकिडवे बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गेज हातात धरलं होतं. पहिलं चाक चोवीस. दुसरं चोवीस. तिसरं तेवीसच्या जरा वर, चौथं पुन्हा चोवीस. ते पहिल्या चाकाकडे परत गेले आणि पुन्हा मोजलं. मग उठले, चावी जानरावांपुढे धरली आणि म्हणाले, "पुरावा पक्का आहे. घे, चल अमरावतीला."

जानरावांनी गेज रुमालात गुंडाळून खिशात घातलं.

"नाई साहेब. सात वर्षं मी सांगून राहिलो. तुमचा भरोसा आज बसला, अन् तो बी या गेजावर. मले रजा द्या."

"दुसरी नोकरी लगेच कुठे मिळणार तुला?"

"हुडकतो," ते म्हणाले, मला नमस्कार केला आणि स्टँडकडे चालू लागले. दादा चावी हातात धरून फाटकाशी उभे राहिले. मला त्यांची कीव आली नाही.

परतीला पंजाबरावांचा ड्रायव्हर आमची गाडी चालवत होता. त्यानं सवयीनं मूर्तिजापूरला कडुलिंबाखाली गाडी उभी केली. गोवर्धन लगबगीनं पुढच्या चाकापाशी येऊन बसला.

"हात लावू नको," दादा म्हणाले.

"काहून, साहेब?"

मला वाटलं, आता चोवीस, तीस, गरम, थंड असं सगळं वकिली थाटात ऐकायला मिळणार. 

"जानराव नको म्हणतात," दादा म्हणाले.