जत्रेतून सांगितलेली भरती

मोरव्याच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे. पावसाळ्यात जत्रा बंद होतात, तेव्हा आकाशपाळणेवाली काही कुटुंबं तिथे येऊन राहतात. पाळण्यांचे सांगाडे सुटे करून ताडपत्रीखाली रचलेले असतात. पुरुष वेल्डिंग करतात, बायका लोखंडी घोड्यांना आणि मोरांना नवा रंग देत बसतात. मी राहते मीरा रोडच्या पूनम सागरला आणि सासर खाडीकाठच्या मुर्ध्याला, त्यामुळे जाता-येता ही वस्ती दिसायचीच. ज्या वर्षी मी शाळेतली नोकरी सोडली, त्या वर्षी पहिल्यांदा तिथे थांबले.

एक बाई मोराच्या पिसाऱ्याला निळा रंग देत होती. शेजारी तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी रंगाचा डबा धरून बसली होती. मी मुलीला विचारलं, कोणत्या शाळेत जातेस? उत्तर आईनेच दिलं. बार्शी, परळी, सिन्नर, अशी चार-पाच गावांची नावं तिने घेतली. प्रत्येक ठिकाणी जत्रेपुरतं शाळेत बसवलेलं.

"नाव समदीकडं हाय, ताई," ती म्हणाली. "पोरगी कुठंच न्हाय."

मी बरीच वर्षं मीरा रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं होतं. वर्षाच्या मध्येच येणारी आणि न सांगता नाहीशी होणारी मुलं मी पाहिलेली होती. त्यांचं बाकीच्यांच्या बरोबरीला येणं कधी जमत नसे, कारण धडा जिथे असेल तिथे ती नसत आणि ती जिथे असतील तिथे धडा नसे. माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. मूल जाईल तिथे आधीपासूनच हजर असेल अशा गोष्टींवर शिक्षण उभं केलं तर? चंद्र, सावली, झाडं, पाखरं, माती, पाणी. त्यांना बदलीचा दाखला लागत नाही.

मुर्ध्याला सासरच्यांची खाडीलगत थोडी खाजणजमीन आहे, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. एका तुकड्यात अजून भात होतं. त्याला लागून जुनं मिठागर आहे. माझं लग्न झालं तेव्हाच त्यात मीठ पिकणं थांबलेलं होतं. बांध खचलेले, गवत माजलेलं. नातेवाईक भेटले की त्या जागेवर बिल्डिंग कधी होणार एवढंच विचारायचे. मी सासऱ्यांना म्हटलं, मला वर्षभर ही जागा वापरू द्या, मुलांना शिकवायला. ते ओटीवर बसून जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "वापर की, बाय. तशी पन पडूनच हाय ती."

अशी सुरुवात झाली. पाळणेवाल्यांची दोन कुटुंबं आली, त्यातलं एक त्या रंगाचा डबा धरणाऱ्या मुलीचं. पुण्याचं एक जोडपं आलं. दोघं लॅपटॉपवर काम करणारी, घर भाड्याने देऊन दोन मुलांसह गाडीतून देशभर फिरणारी. आणि मुर्ध्यातली आमच्याच भावकीतली चार-सहा पोरं, जी शाळा सुटल्यावर आणि रविवारी यायची. आमच्या बिल्डिंगमधल्या एका शेजाऱ्याला याचं फार नवल. लिफ्टमध्ये माझे चिखलाने भरलेले पाय बघून त्याने विचारलं, "मॅडम, कीचड में क्या पढाते हो आप?" मी म्हटलं, कीचड ही पढाती हूं. तो हसला, पण मी काही विनोद केलेला नव्हता.

पहिले काही आठवडे ती मुलगी नीट रुळली नाही. काहीही सुरू करायचं म्हटलं की तिचा एकच प्रश्न, "हितं किती दिस?" पेरलेलं उगवेपर्यंत आपण असू का, झाड मोजायला घेतलं तर मोजून होईल का. अर्ध्यात सुटणार असेल तर ती हातच लावायची नाही. मला आधी तो आळस वाटला. मग कळलं की पोर शहाणी आहे. इतक्या गावांत इतक्या गोष्टी अर्ध्या टाकून आल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? म्हणून मी तिला चंद्र दिला. म्हटलं, हा तुझा. कुठेही गेलीस तरी रोज बघायचा आणि कसा दिसला ते सांगायचं. कॅलेंडर बघायचं नाही. तिने वर ढगाकडे पाहिलं आणि म्हणाली की पावसाळ्यात दिसणारच नाही. मी म्हटलं, मग दिसेल तेव्हा सांग.

भातलावणीच्या दिवसांत तिची आई तडक खाजणात आली. मुलगी गुडघाभर चिखलात उभी राहून दोरीने वाफ्याची लांबी मोजत होती. आई बांधावरून माझ्याशी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"शिकून चिखलातनं भाईर निघंल म्हनून धाडते मी हिला. तुमी पुन्ना चिखलातच घालताय."

सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते तिला पटावं अशी माझी योग्यता नव्हती. माझी स्वतःची मुलगी चांगल्या शाळेत शिकून इंजिनीअर झाली होती. मी एवढंच म्हटलं की आज दुपारपर्यंत थांबा, मग न्यायचं तर न्या.

ती थांबली. मुलीने लांबी-रुंदीचा गुणाकार केला, तो चुकला, पुन्हा केला. एवढ्या वाफ्यात किती रोपं लागतील याचा अंदाज तिने बाकीच्यांना सांगितला आणि त्यांच्याशी वाद घातला. मग बांधावर बसून मराठीच्या पुस्तकातला खेकड्यावरचा धडा मोठ्याने वाचला. अडखळत वाचला, पण मध्येच थांबून म्हणाली की यात लिहिलंय तसे चिंबोरीचे डोळे नसतात, मी काल बघितलेत. आई ऐकत होती. जाताना मुलीला म्हणाली, "पाय धुऊन ये." दुसऱ्या दिवशी मुलगी वेळेवर हजर होती.

दिवाळी झाली आणि पाळणे ट्रकवर चढले. पुण्याचं जोडपंही निघून गेलं. त्यांना इथे फार हळू चाललंय असं वाटत होतं. त्यांची मुलं मात्र जाताना रडली. पाळणेवाल्यांच्या दुसऱ्या कुटुंबातला मोठा मुलगा शिकणं सोडून वडिलांबरोबर यंत्रावर उभा राहिला. तो पुन्हा आला नाही. हे सगळं खरं आहे आणि त्याचं वाईट वाटतंच. पण ती मुलगी रोज आईच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवत राहिली. चांद आज कलिंगडाच्या फोडीवानी. आज दिसलाच न्हाय, उशिरा उगवतोय. इथे मी मुर्ध्याच्या मुलांना घेऊन खाडीचं पाणी बघत होते, काठी रोवून ते कुठवर चढतं त्याच्या खुणा करत होते आणि ते तिला कळवत होते. चंद्र तिचा, पाणी आमचं. दोन्ही जुळवायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं.

तोवर मुलांनी मिठागर पुन्हा चालवायचं ठरवलं होतं. सगळं नव्हे, एकच कोपरा. सासरे बांधावर खुर्ची टाकून बसायचे. मुलांनी बांध थापले, तळ पायांनी तुडवून घट्ट केला. तिवरांना हात लावायचा नाही हे त्यांना सांगितलेलं होतं. उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची लाकडी फळी, नवीन करून बसवली. आता एकदा भरपूर पाणी आत यायला हवं होतं. मुलांनी रविवार ठरवला, कारण सुट्टी.

शनिवारी दुपारी मुलीचा फोन आला. ती तेव्हा मराठवाड्यात कुठेतरी होती, समुद्रापासून लांब. मागे पाळण्याचं इंजिन धडधडत होतं. तिने विचारलं, उघाडी कधी उघडताय? मी म्हटलं, उद्या दुपारी.

"उद्या नका उघडू, बाई. आत्ता आर्धा चांद हाय. आर्ध्या चांदाला पानी आळशी असतंय. वर चडनार न्हाय."

मग कधी, असं मी विचारलं. ती पुटपुटत दिवस मोजत राहिली. मग म्हणाली की कोर बारीक होत होत पहाटे दिसायची बंद झाली की त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडा, दुपारी जेवायच्या वेळेला. अमावस्येला उधाण दुपारी येतं आणि मग रोज पाऊण तास पुढे सरकतं, असंही तिने सांगितलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. आमच्या खुणा आणि तिचा चंद्र शेजारी शेजारी ठेवून तिने ते काढलं होतं.

मुर्ध्याच्या पोरांना ते रुचलं नाही. खाडीकाठी जन्मलो आम्ही आणि भरती सांगणार जत्रेतली पोरगी? त्यांनी रविवारीच उघाडी उघडली. दुपारी खाडी अगदी खाली होती, चिखलावर निवट्या, ते चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. संध्याकाळपर्यंत पोरं थांबली. पाणी आलं, फळीच्या तोंडाशी रेंगाळलं आणि मागे गेलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना हे आधीच ठाऊक असणार, सगळं आयुष्य त्यांचं याच पाण्यात गेलेलं. मी विचारलं, बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?

"मी सांगितला आसता, तर मग ही पोरं कशाला शिकली आसती?" ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलेल्या दिवशी आम्ही पुन्हा जमलो. वार कामाचा होता, दोन पोरांनी शाळा बुडवली आणि मी त्यांना रागावले नाही. फोन स्पीकरवर ठेवून बांधावर ठेवला होता. जेवणाची वेळ झाली तशी खाडी फुगायला लागली. तिवरांची मुळं बुडाली, मग बुंधे. पाणी फळीच्या वर आलं तेव्हा सासरे खुर्चीतून उठले आणि पोरांच्या बरोबरीने त्यांनी फळी ओढली. पाणी आवाज करत आत शिरलं. फोनमधून ती विचारत होती, "आलं का? आलं का?" आणि रविवारी सगळ्यात जास्त वाद घातलेला आमच्या भावकीतला पोरगा फोनजवळ वाकून म्हणाला, "आलं गो. तू सांगितलास तसंच आलं." मी फोन उचलून पाण्याच्या आवाजाजवळ धरला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणाच्या मार्कांनी मला एवढा आनंद दिला नव्हता.

मीठ पडलं ते होळीच्या आसपास. जाडं, करडं, थोडी माती मिसळलेलं. दुकानात कोणी घेतलं नसतं. सासऱ्यांनी ते घरोघर वाटलं आणि प्रत्येकाला सांगितलं की पोरांनी पिकवलंय.

चैत्रात मी थोडं मीठ पिशवीत घेऊन एसटीने तिच्या जत्रेला गेले. दुपार होती, पाळणे बंद होते. मोठ्या चक्राच्या सावलीत ती उभी होती आणि समोर जत्रेतली सहा-सात लहान मुलं बसली होती, खेळणीवाल्याची, चुरमुरेवाल्याची, तिची धाकटी चुलत भावंडं. तिने जमिनीत गज रोवला होता आणि त्याच्या सावलीच्या टोकाला मुलं खडे ठेवत होती. मी आल्याचं तिने पाहिलं, पण धडा थांबवला नाही. हाताने मला बसायची खूण केली. मी मुलांच्या मागे जमिनीवर बसले. तिची आई तिकिटाच्या खोक्यामागे पत्र्याच्या डब्यावर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं तर ती नुसती हसली, आणि शेजारच्या बांगड्यावाल्या बाईला माझी ओळख करून देताना म्हणाली, "ह्या आमच्या बाई. माजी पोरगी हितनं दर्याचं टाइम सांगते."

पावसाळ्याच्या तोंडाला कुटुंब परत मोरव्याला आलं. जवळच्या पालिकेच्या शाळेने मुलीची तोंडी परीक्षा घेतली आणि तिला तिच्या वयाच्या वर्गात बसवलं. मुख्याध्यापिकाबाई समजूतदार आहेत. जत्रेचे महिने तिने आमच्याकडचा अभ्यास फोनवरून करायचा आणि परत आल्यावर वर्गात बसायचं, याला त्या तयार झाल्या. यंदा खाजणात अजून तीन कुटुंबं आली आहेत. एक साखरेच्या पट्ट्यात ऊस तोडायला जाणारं, दोन पाळणेवाली.

परवा दुपारी मुलं गेल्यावर मी पाय धूत होते तेव्हा तिची आई जत्रेतली लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बांधावरून चालत आली. खुर्ची ठेवली, पण बसली नाही. तिला एसटीच्या पाट्या वाचायच्या होत्या. कुठली गाडी कुठे जाते ते प्रत्येक वेळी दुसऱ्याला विचारावं लागतं म्हणाली. मग म्हणाली, "ताई, माजं वय झालंय. पर मला जमंल का?"

मी म्हटलं, आधी बसा. ती बसली. समोर ओला चिखल होता, त्यावर मी काडीने बार्शीचा ‘ब’ काढला.