नोरावहिनीची शिकवणी

इंटरनेटवर आमच्या ग्लेनचं चरित्र आहे. अमेरिकन नट, आईवडील भारतीय, बालपण कतारच्या वाळवंटात. कसलं डोंबलाचं वाळवंट! तिथल्या दुखान गावच्या तेल कंपनीच्या कॉलनीत एसी बंद पडला की हा भोकाड पसरायचा. मी त्याची सख्खी आत्या, मला विचारा.

त्याची आई, माझी नोरावहिनी, मूळची वसईची, इथे कतारमध्येच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. माझा भाऊ गेल्यापासून शहरातल्या अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. पोराशी ती जन्मभर मराठीत बोलली आणि तो जन्मभर इंग्रजीत उत्तर देत आला. इथली सगळीच पोरं तशी. पडद्यावर तो कधी टॅक्सीवाला असतो, नाहीतर अतिरेकी. वहिनी एवढंच विचारते, "यात मरतोस का रे?" आणि विचारणार तरी कधी? फोन यायचा तो नाताळला आणि ईस्टरला.

मग त्याला जरा बरी भूमिका मिळाली. मरणाऱ्या आईच्या उशाशी बसून मराठीत म्हणायचं, "आई, मी आहे ना." ते शिकायला त्याने वहिनीला फोन केला. पहिल्याच दमात पोराने झकास म्हटलं. मी शेजारी कोळंबी सोलत होते, माझे हातच थांबले.

वहिनी म्हणाली, "छे, नाही जमलं. उद्या कर फोन."

दुसऱ्या दिवशीही जमलं नाही. महिनाभर जमलं नाही. शेवटी शुक्रवारी, इथली सुट्टी तेव्हाच, मिस्साला जाताना गाडीत मी चिडलेच. "अगं, बरोबर बोलतोय पोरगा! चर्चला निघालीस आणि खोटं बोलतेस?"

"बरोबर म्हटलं की फोन बंद होईल," ती म्हणाली आणि समोरच्या सिग्नलकडे बघत राहिली.

शूटिंग उरकलं आणि फोन बंद झाले. पुढे त्याचा मेसेज आला, तो सीन कापला म्हणून. मी त्या दिग्दर्शकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वहिनीने भांडी घासली.

काही दिवसांनी जेवताना तिचा मोबाइल वाजला. ग्लेनच. वहिनी उचलेना. "आता काय शिकवू त्याला? खलास झालं सगळं." मीच स्पीकर लावला.

"आई," ग्लेन अडखळला. "मला... इथे करमत नाही."

हे वाक्य त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"मग ये ना रे घरी, मेल्या," वहिनी म्हणाली आणि भरल्या ताटावर ढसाढसा रडली.