खंडेनवमीचं तेल

आमच्या आबांचा लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, सुरतेत लिंबायतला असा ठणाणायचा, की तिकडे पर्वत पाटियावर रिक्षांचे गिअर आपोआप पडायचे. खोटं वाटत असेल तर आबांना विचारा. पण त्यांना ऐकू जायचं नाही, कान त्या लूमनेच खाल्ले.

कारखान्यात नवी मशिनं आली, जुने लूम भंगारात निघाले. आबांचा तेवढा मी हत्ती आणावा तसा वाजतगाजत दारात आणला. सचिन गावच्या कारखान्यात वेल्डिंग करतो मी, उरल्या वेळात लोखंडाची शिल्पं. त्या लूममधून एक वाकलेला माणूस उभा केला. बरगड्यांच्या जागी मागाची फणी, काळजाच्या जागी सूत घेऊन धावणारा धोटा. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, हे तर आबाच!"

मला त्यावर गंज हवा होता. तांबूस, खरखरीत, राबलेल्या कातडीसारखा. मिठाचं पाणी इतकं मारलं, की डुमसचा समुद्र अळणी झाला असेल. दसरा झाला की शिल्पांचे प्रदर्शनवाले बघायला येणार होते. त्यांनी उचललं तर लूम जगला. नाहीतर गल्ली मोकळी करायला घरमालकाने भंगारवाला सांगूनच ठेवला होता.

खंडेनवमीला कामावरून परतलो तर माणूस चकचकीत! आबा आणि त्यांचे जुने जोडीदार सकाळपासून पॉलिशपेपर घेऊन बसले होते. वर तेल, हळदकुंकू, झेंडूचा हार.

"आबा, हे काय केलं!" मी कानाशी ओरडलो. अख्खी सुरत दचकली, आबा नाही.

"पाव्हनासले जंग लागेल मशीन दखाडशी का रे, आळशी? नवमीले लूम असा राही का कधी?"

तेल प्यालेल्या लोखंडाला गंज काय दोन दिवसांत चढतो?

प्रदर्शनवाल्या बाई भोवती फिरल्या. "हात चांगला आहे तुमचा. पण फार नवं दिसतं हो. झिजलेलं काहीच नाही यात." आबा शेजारीच उभे होते, हात जोडून. नखांत अजून तेल होतं.

मग टेम्पो आला. आबांना वाटलं, लूम प्रदर्शनाला निघाला. इतक्या थापा मारणारा मी, पण तेव्हा नुसता टेम्पोचा फाळका उघडून दिला. ते तेलाची बुधली घेऊन वर चढले, सांध्यासांध्यात थेंब सोडू लागले.

"वाटम्हा जंग नको लागाले," म्हणाले, आणि भंगारवाल्याकडून ताडपत्री नीट बांधून घेतली.