इकाम्याचा रकाना

सौदीत, येमेनच्या सीमेलगत, जिझानजवळच्या कामगार कॅम्पमध्ये मी टाइमकीपर आहे आणि बाहेरून बी.ए. करतो. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक उघडणारा मी पहिलाच. वाचलेलं बरोबर कळलं की नाही, याची धाकधूक कायम असते.

त्या शुक्रवारी मी एकोणिसाव्या शतकातल्या शांतता चळवळीचा धडा वाचत होतो. दोन देशांत युद्धाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा इकडच्या गावांनी तिकडच्या गावांना पत्रं लिहिली: आमचं तुमच्याशी वैर नाही. खाली व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या सह्या. बाबाही याच कॅम्पात कामाला आहेत; त्यांच्या जोडीचा येमेनी वेल्डर आमच्या खोलीत चहा पीत बसला होता. त्याला मी चाचा म्हणतो. त्याची आई आणि धाकटा भाऊ सीमेपलीकडच्या डोंगरात राहत, आणि सीमेवर तेव्हा लढाई चालू होती. मी त्याला तो धडा हिंदीत सांगितला.

"फिर लडाई रुकी?"

ते युद्ध टळलं होतं. पण पत्रांमुळेच टळलं, असं पुस्तक म्हणत नव्हतं. शिवाय पुढच्या पानावर पुढची युद्धं होती. मी म्हणालो, "रुकी."

"तो लिखो ना, बेटा. मैं भाई को फोटो भेजेगा, वो गाँव में दिखाएगा."

इकडच्या कामगारांकडून तिकडच्या गावाला, असं पत्र मी लिहिलं, चाचाने खाली अरबीत उतरवलं. मग मी सह्यांसाठी रकाने आखले: नाव, सही, इकामा नंबर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा. हात रोज हजेरीचा तक्ता आखतो; तिसरा रकाना कधी पडला, कळलंच नाही. चाचाने पहिली सही केली, नंबरासकट.

मेसमध्ये माणसं पत्र वाचून मान हलवत आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबत. एक फिटर हसला, "काय रे, आम्हाला गावी धाडतोस काय?" बाबांनी कागद घडी करून खिशात घातला.

"अक्कल आहे का? हा कुणाच्या हाती लागला, तर आधी तुझ्या चाचाचा इकामा जाईल. मग आपले."

"दुसरा लिहितो, बाबा. नंबर नको."

"आता कोण सही करतोय?"

कुणीच केली नाही. चाचाला मी "लिखता हूँ" म्हणत राहिलो.

महिन्याभराने त्याचा भाऊ गेला. घरावरच पडलं काहीतरी. मी भेटायला गेलो, तर चाचा बूट घालत होता.

"वो खत गया था, बेटा?"

"नहीं, चाचा."

"जाता तो..." एवढंच म्हणून त्याने नाडी बांधली आणि तो बसकडे गेला.

पुस्तकात खरं काय लिहिलंय, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.