अर्धा आड
ओल्या गाळाचा वास आला की लातूरच्या जुन्या गल्लीतलं माझं सासर आठवतं. दोघा भावांच्या जुन्या वाटणीत तिथली भिंत थेट आडाच्या तोंडावरून घातलेली. अर्ध्यात आमचा पोहरा पडायचा, अर्ध्यात पलीकडच्या चुलत जावेचा. जिल्हा नुकताच झाला होता, माडीवर बदलून आलेले साहेब भाड्यानं राहत होते आणि त्या वर्षीही पाऊस पडला नव्हता. पाण्यावाचून साहेब जागा सोडतील म्हणून सासऱ्यांनी भर दुपारी, जाऊ माहेरी गेलेली असताना, आडात माणूस उतरवून आमच्या बाजूच्या तळाला खड्डा खणवला. उरलंसुरलं पाणी त्यात उतरलं. ती परत आली त्या सकाळी तिचा पोहरा दगडावर खरवडला, मग आडातून तिचा आवाज आला, "अक्का, नुसता गाळ यायलाय. तुमच्याकडं बी तसंच हाय का?" माझी घागर नुकतीच भरली होती. "हाव, तसंच हाय," मी म्हणाले. "मग मी टँकरला जायलेय. तुमची बी घागर द्या. पोटुशी बाई, उन्हात कुठं थांबता." मी भरलेली घागर कडेकडेनं, आवाज न करता हौदात ओतली आणि ती दारात आल्यावर रिकामी तिच्या हातात दिली. आता ते घर नाही, जाऊही नाही. पण नळाखाली घागर लावायची म्हटलं की मी अजून आधी दार लोटून घेते.