राजाराणीचा टाक

परक्याच्या घरात जाऊन मी एका नाण्याला नमस्कार केला, ही गोष्ट माझा मुलगा अजून चारचौघांत हसून सांगतो. सांगू दे. त्या नाण्यापायी मला एक राजा भेटला, आणि तसा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

बायको गावी वारली. दिवस घातले, गिरणीला कुलूप लावलं आणि मुलानं मला इकडे अमेरिकेत ॲन आर्बरला आणलं. वर्षश्राद्ध जवळ आलं तरी तिचा टाक देव्हाऱ्यात नव्हता. आमच्यात सवाष्ण गेली की चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकून घेतात आणि वर्षाच्या आत देवांशेजारी बसवतात. मुलगा म्हणायचा, बाबा, समरमध्ये इंडियाला जाऊ तेव्हा करू. समरपर्यंत ती काय दाराबाहेर उभी राहणार? मला दुसरं काही सुचत नव्हतं. सुनेनं केलेलं चांगलं जेवण पानात तसंच राहायचं.

शेजारी एक आर्मेनियन म्हातारा राहतो. त्याचीही बायको गेलेली. बर्फ पडला की आम्ही दोघं आपापल्या दारात फावडी मारायचो आणि मी फावडं चुकीचं धरतो म्हणून तो लांबून हातवारे करायचा. मी चौथीत शाळा सोडलेला, माझं इंग्लिश येस, नो आणि थँक्यू. एका सकाळी त्यानं खुणेनंच कॉफीला बोलावलं. पायात घालायला सपाता दिल्या. कॉफी एवढ्याशा कपात, तळाला गाळ.

कपाटावर लहानशा चौकटीत रुपयाएवढी चांदी दिसली, शेजारी मेणबत्ती. जवळ जाऊन पाहिलं. एक पुरुष आणि एक बाई, दोघं समोर तोंड करून उभी, मधली उंच काठी दोघांनी धरलेली. मला वाटलं, म्हणजे ह्यांच्यातही टाक असतो तर! हे ह्याचे आईबाप असणार. मी सपाता काढल्या, हात जोडले, कपाटाच्या कडेला डोकं टेकवलं.

म्हातारा आधी बघतच राहिला. मग इतका हसला की त्याला ठसका लागला. ठसका थांबला तरी डोळे पुसत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि मला ऐकायचंच होतं. मी मुलाला फोन करून बोलावून घेतलं. तो घरूनच काम करतो. मीटिंग सोडून आला आणि बूट न काढता दारात उभा राहिला.

"बाबा, टाक नाहीये हा. जुनं नाणं आहे, त्यांच्या राजाचं."

"आणि ती बाई?"

"राणी."

मी म्हटलं, बूट काढ, बस आणि सगळं विचारून घे.

म्हातारा बोलत गेला, मुलगा मराठीत सांगत गेला. राजाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून नुसतं राजा म्हणतो. साताठशे वर्षांपूर्वीचा. समुद्राकाठी त्यांचं लहानसं राज्य होतं आणि चहूबाजूंनी वैरी. राज्य खरं राणीचं, तिच्या बापाचं. राजाच्या बापानं तिच्या पहिल्या नवऱ्याला कैदेत मारवला आणि ह्या पोराशी तिचं लग्न लावलं. ती पळून गेली. धरून आणली तरी कित्येक वर्षं नवऱ्याचं तोंड बघेना. बरोबरच आहे, मीही बघितलं नसतं. पण पुढं जमलं त्यांचं. पाच-सहा पोरं झाली आणि नाण्यावर दोघं शेजारी उभी राहिली.

मला बसवेना. आमची गिरणीसुद्धा माझ्या सासऱ्याची. पाटीवर नाव बायकोचं होतं, गाव मला घरजावई म्हणायचं. तिलाही मी पसंत नव्हतो, पहिल्या दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोललीच नाही. हे म्हाताऱ्याला सांग म्हणून मी मुलाच्या मागे लागलो. हे मुलालाही नवीन होतं.

"मग? राजाचं पुढं काय?"

पुढं राणी वारली. थोड्याच काळानं हा राजा चाकराचे कपडे घालून वैऱ्याच्या मुलखातून निसटला आणि डोंगर, वाळवंटं तुडवत थेट मंगोलांच्या बादशहापुढे जाऊन उभा राहिला. माझ्या लोकांना हात लावू नका, असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि जिवंत परत आला! मुलाचा फोन वाजत होता, तो त्यानं स्वतःच बंद केला. नंतर लढाईत राजाचा एक मुलगा मेला, एक पकडला गेला. किल्ले देऊन त्याला सोडवला, गादीवर बसवला आणि स्वतः मठात जाऊन साधू झाला. नाण्यावर मात्र ती दोघं अजून उभीच आहेत.

मी तिथंच ठरवलं, टाक आम्हा दोघांचा करायचा. घरी येऊन गावच्या सोनाराला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. ह्याच्या बापाच्या हातचे टाक आमच्या देव्हाऱ्यात आहेत. घडवून ठेव, महिनाअखेर सुनेचा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर येईल, असं म्हटलं. दोघांचा म्हटल्यावर त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली.

"काका, जिवंत माणसाचा टाक मी काढत नाही. तुमच्यासाठी पण नाही."

मी त्याला राजाची अख्खी गोष्ट सांगितली. वैरी, वाळवंट, बादशहा, काही सोडलं नाही. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, ते नाणं हो काका. नाणं बाजारात फिरतं. टाक देवात बसतो. मुलगा मागून म्हणाला, बाबा, सोडा ना आता, एकटीचा होऊ द्या. तेव्हा मला सुचलं.

"एकटीचाच काढ. पण मधोमध नको, एका अंगाला उभी कर. शेजारचा पत्रा कोरा ठेव."

"किती कोरा ठेवू?"

"माझ्या मापाचा."

सोनार हसला. मुलगा हसला नाही. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि मला नीट दिसू दे म्हणून दिवा लावला. सोनारानं पत्र्यावर बोट ठेवून जागा दाखवली. मी म्हटलं, अजून थोडी सरकव तिला, मी जरा रुंद आहे.